माझ्या पुस्तकाची पोथी झाली

गेल्या महिन्यात पुण्याहून एका प्रकाशकाचा फोन आला. आवाज गोड होता, आणि गोड आवाजाच्या माणसांचा मला आधीपासूनच राग आहे. म्हणाला, "बाई, तुमची जुनी विज्ञानकथा आम्हाला पुन्हा काढायची आहे. जुन्या विज्ञानकथांना आता वाचक मिळतो. सोबत तुमचा तो मध्ययुगीन इतिहासही देऊ. दोन्ही एकाच बांधणीत."

"एकाच बांधणीत?" मी विचारलं.

"हो, एकाच. छान दिसेल."

मी फोन ठेवून दिला. त्यानं परत लावला, मी परत ठेवला. सूनबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली, कुणाचा फोन म्हणून. मी म्हटलं, राँग नंबर.

राँग नंबर नव्हता. पण ज्याला ठाऊक नाही त्याला फोनवर काय काय सांगणार? म्हणतात, वय झालं की माणूस निवतो. मी निवले नाही. उलट बसल्याजागी जास्तच तापते. म्हणून एकदाचं लिहून टाकते, म्हणजे पुन्हा कुणी गोड आवाजात विचारलं तर हे कागद पुढं करता येतील.

मी लातूरला शाळेत इतिहास शिकवायचे. माहेर उदगीरच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. गाव बहुतेक लिंगायतांचं. दुकान नाहीतर शेती, आणि घरात अर्धी कानडी, अर्धी मराठी. थोरल्या बहिणीला अक्का म्हणायचं, बापाला अप्पा. गावाच्या मधोमध मठ आणि मठामागं बारव, म्हणजे पायऱ्यांनी खाली उतरायची दगडी विहीर. यादवांच्या काळातली. बहात्तरच्या दुष्काळात सगळ्या मुलखातल्या विहिरी कोरड्या पडल्या, आमच्या बारवेचं पाणी सरलं नाही. खाली गेलं, कधी न दिसलेल्या पायऱ्या उघड्या पडल्या, शेवटी शेवटी तर वाटीनं घागर भरावी लागली, पण सरलं नाही. शेजारच्या गावांतली माणसं बैलगाडीत पिपं घालून यायची.

त्या उन्हाळ्यात मी सुट्टीला माहेरी होते. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती आणि मी बाई शिकलेली म्हणून ओसरीवर बसून. ते मला सोसेना. मी बारवेत उतरले आणि कामाला लागले. भिंतीतला शिलालेख झिजला होता, जुन्या कानडीत होता, तो महिनाभर खपून वाचला. पाणी एवढं खाली गेलेलं की जन्मात पहिल्यांदा तळ दिसला. तळाला मोठमोठ्या शिळा चुन्यात घट्ट बसवलेल्या. मी चक्रावले. विहिरीला कुणी फरशी घालतं का? पाणी तर खालून येतं. मग बघता बघता कळलं की इथं ते खालून येतच नव्हतं. झरे होते बाजूच्या भिंतींत. खाली भेगाळ खडक होता, त्यात पाणी निघून जाऊ नये म्हणून त्या जुन्या लोकांनी तळ बंद करून टाकला होता. हंड्याला बूड असतं तसं. शिलालेखात शेवटी शापच घातला होता, ही शिळा जो हलवील त्याला. तो शाप गाढवाचा, आईवरून घातलेला होता आणि मी मास्तरीण होते, त्यामुळं मी पुस्तकात तो अर्धाच छापला.

हो, पुस्तक. आमच्या भागातली तळी, बारवा, किल्ले, कुणाच्या राज्यात कुणी काय बांधलं आणि पाणी कसं राखलं, यावर मी पुस्तक लिहिलं. त्यासाठी एसटीनं, गाडीनं, पायी, सगळा मुलूख तुडवला. त्यातलं एक वाक्य असं नव्हतं की जे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

आणि त्याच सुट्टीत एक गोष्टही लिहिली. दुपारी माडीवर पत्रा तापायचा, झोप यायची नाही, म्हणून. गोष्ट सन दोन हजारची. आमच्याच गावासारखं गाव, विजेवर चालणारे लोखंडी बैल, भाकरी थापणारं यंत्र, आणि एक शास्त्रज्ञ बाई. ती बारवेत उतरते, तळाशी आवाज ऐकणारं यंत्र लावते, आणि तिला सात खडकांखालून वाहणारी नदी ऐकू येते. ती तळाची शिळा फोडते. पाडव्याच्या दिवशी नदी उसळून वर येते आणि अख्खं गाव मठाच्या कट्ट्यावर पाण्यात पाय सोडून बसतं. कोरड्या घशानं लिहिलेली गोष्ट होती ती. अशी नदी कुठं नसते हे मला पुरतं ठाऊक होतं, आणि वाचणाऱ्यालाही ठाऊक असणार असं मी धरून चालले होते.

दोन्ही पुस्तकं त्या वेळी वेगवेगळी निघाली आणि वेगवेगळी पडून राहिली. इतिहासाच्या प्रती शाळेच्या कपाटात वाळवीनं वाचल्या.

पुढं लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादेपासून सुटलो म्हणून पेढे वाटले, कमानी उभ्या राहिल्या, जो तो 'आमचा जिल्हा, आमचा जिल्हा' करत फिरायला लागला. जिल्हा नवा झाला की त्याला इतिहास जुना लागतो. नांदेडच्या एका छापखानावाल्याला हे सगळ्यात आधी कळलं. आमच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका तो छापायचा, तेवढीच ओळख. अर्धापूरच्या केळीची भली मोठी फणी घेऊन घरी आला. "बाई, तुमचा इतिहास पुन्हा काढतो. नव्या जिल्ह्यातलं एकबी वाचनालय सोडत नाही." मला आनंद झाला, का खोटं बोला? पुस्तक मेलं असं समजून मी रडून बसलेली होते. केळी घेतली आणि हो म्हटलं.

गठ्ठा आला तेव्हा वरचं पुस्तक हातात घेऊन मी आधी कौतुकानं कुरवाळलं. लाल कापडी बांधणी, वर सोनेरी अक्षरं. मग उघडलं, आणि मागची पानं चाळताना हात थांबला. इतिहासाचं शेवटचं प्रकरण आमच्या बारवेचं. ते संपत होतं, आणि पुढच्याच पानावर पुढचं प्रकरण म्हणून माझी गोष्ट सुरू. मधे कोरं पान नाही, गोष्टीचं नाव नाही, ही कल्पित आहे असं एक अक्षर नाही. प्रकरणांचे आकडेसुद्धा सलग. एका पानावर यादव, उलटलं की लोखंडी बैल.

मी तशीच एसटी धरून नांदेडला गेले. छापखान्यात शिरले तर हा बाबा मला चहा सांगून राहिला.

"चहा राहू द्या. हे काय केलंत?"

"बाई, एकटा इतिहास लई पातळ होत होता. वाचनालयवाले जाडी बघतेत."

"आणि मधलं पान कुठाय? नाव कुठाय गोष्टीचं?"

"कागद वाचला की."

"ही लाल बांधणी कसली?"

"पोथ्यांचं कापड उरलं होतं. चांगलं हाय, पावसापाण्यात खराब होत नाही." आणि वर मलाच समजावतो, "तुमी उगं बेजार होऊ नका. वाचणाऱ्याला कळतंय की. लोखंडाचे बैल कुठं असतेत का?"

करायला गेलो गणपती, झाला मारुती. मी खूप बोलले. बाजूच्या दुकानातले लोक येऊन ऐकत उभे राहिले एवढं बोलले. पण पुस्तकं गेलेली होती. गावोगावच्या वाचनालयांत, शाळांत, आणि एक प्रत माझ्याच गठ्ठ्यातून उचलून माझा धाकटा भाऊ गावाकडं घेऊन गेला होता.

आता या भावाचं सांगते. तो गावात दुकान आणि शेती बघायचा, मठाच्या पंचांत होता, आणि त्याचा आवाज फार चांगला होता. श्रावणात मठात पुराण लागायचं, ते वाचायचा मान त्याचा. आमच्या त्या सीमेच्या पट्ट्यात, उदगीर-देगलूरकडं, पुराणासारख्याच कालज्ञानाच्या पोथ्याही वाचतात. कालज्ञान म्हणजे पुढं काय काय होणार ते आधीच सांगून ठेवलेलं. कधी कधी त्यात आधी मागचं येतं, राजे, मठ, देणग्या, आणि मग पुढचं, कोणत्या साली काय होईल, गाड्या बैलांशिवाय चालतील, असलं. एकजण मोठ्यानं वाचतो, गाव ऐकतं, प्रकरण संपलं की आरती. माझ्या भावानं लहानपणापासून हेच ऐकलेलं. मीही ऐकलेलं, म्हणून तर मला आजही कळत नाही की ती लाल बांधणी बघितली तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड कसा पडला नाही.

जिल्हा झाला तरी पाऊस काही आला नाही. लागोपाठ पावसाळे कोरडे गेले. बारव बहात्तरसारखी खाली गेली आणि गावातल्या बाया पुन्हा वाटीनं पाणी भरायला लागल्या. अशात भाऊ लातूरला आला, डोळ्यांत चमक, हातात प्रसाद.

"अक्का, तुझी पोथी लावली मठात."

मी हसले. "कसली पोथी रे?"

"लाल. तू लिहिलेली. आधी मागचं वाचलो. बारवेचं आलं तेव्हा लोकांच्या डोळ्यांत पाणी. मग पुढचं लागलं. काय सांगू अक्का, एक माणूस उठून गेला न्हाई. लई मन लावून ऐकून राहिलेत."

मला वाटलं थट्टा करतोय. मग त्यानं सहज, भाजी काय आणू विचारावं तसं सांगितलं, की देगलूरकडचा सुरुंगवाला ठरवलाय, येत्या सोमवारी, महादेवाचा वार म्हणून, बारवेच्या तळाला सुरुंग लावायचा. सगळ्या गावाचं ठरलंय. सात खडकांखाली नदी आहे.

त्या क्षणी मला जे झालं त्याला राग हा शब्द पुरत नाही. मी म्हटलं, "अरे मूर्खा, ती गोष्ट आहे. मी रचलेली. तळ फोडलास तर आहे ते पाणी जाईल, पुन्हा कधी यायचं नाही. पहिल्या अर्ध्यात लिहिलंय ना सगळं, का फोडू नये ते?" त्यानं प्रसाद माझ्या हातात ठेवला. मग म्हणाला, "तू लातूरला राहून राहून लई भेतीस, अक्का." आणि पाच वाजताच्या गाडीनं गेला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकली आणि नव्या जिल्ह्याच्या एका कचेरीत गेले. खुर्च्या नव्या होत्या, त्यांचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. समोरच्या माणसाला मी सांगितलं, आठशे वर्षांची बारव आहे, सोमवारी सुरुंग लागणार, थांबवा.

"गाव कोणतं?" मी सांगितलं. त्यानं मागच्या कपाटाकडं बघितलं. "त्या भागाचे कागद अजून जुन्या जिल्ह्यातून आले नाहीत. अर्ज ठेवून जा."

"सुरुंग सोमवारी आहे."

"मग मंगळवारी या. तोवर आलेले असतील."

आग ओकत मी बाहेर पडले आणि रविवारी दिवस मावळायच्या आत गावात पोचले. मठात लोक जमलेलेच होते, वाचन चालू होतं. भाऊ माझी वाक्यं म्हणत होता, चाल लावून. ऐकायला सुंदर वाटत होतं, हे लिहिताना मला आजही चीड येते, पण सुंदर वाटत होतं. मी मधेच उभी राहिले आणि म्हणाले, हे वाचन बंद करा. हे मी लिहिलंय. माडीवर पडून लिहिलंय, दुपारी, झोप येत नव्हती म्हणून.

एक म्हातारे गृहस्थ, अप्पांचे दोस्त, प्रेमानं म्हणाले, "तेच तर, पोरी. झोप येत न्हवती म्हणजे लिहून घेणाऱ्यानं तुला झोपू दिलं न्हाई."

"कुणी लिहून घेतलं नाही. मी रचलं. लोखंडी बैल मी रचले."

"अन् ट्रॅक्टर आला की न्हाई गावात?"

आला होता. बहात्तरला नव्हता, तोवर आला होता. सगळे माझ्याकडं बघत होते, मी आता तरी मान्य करीन म्हणून. मी म्हटलं, "याच पुस्तकात आधीच्या प्रकरणात आहे, शिळा हलवू नये. ते वाचलंत ना?"

"वाचलो," भाऊ म्हणाला. "ते मागच्या लोकांसाठी, अक्का. पुढचं आपल्यासाठी. मागचं पुढच्यानं कटतं."

"त्यात साल दोन हजार लिहिलंय. त्याला अजून किती अवकाश आहे."

"पोथीतलं साल आपल्या सालाशी जुळत नसतंय. अधिक महिने धरावे लागतेत."

काय बोलणार? गाढवापुढं वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता. फक्त इथं गीता वाचत होते तेच लोक, आणि गाढव मी ठरले होते. मी लिहिलेल्या पुस्तकाबद्दल माझं मत सोडून सगळ्यांचं मत विचारात घेतलं जात होतं. मी रडले नाही. जेवलेही नाही. भावजय ताट घेऊन दोनदा येऊन गेली.

सोमवारी सकाळी मी बारवेत उतरले आणि सगळ्यात खालच्या पायरीवर बसले. लावा म्हटलं सुरुंग. सुरुंगवाला वर काठावर बिडी ओढत बसला, त्याला काही घाई नव्हती. गडीमाणसं आली, विनवण्या करून गेली. त्यांना मी मोजत नव्हते. मग बाया आल्या, घागरी आणि वाट्या घेऊन. माझ्या समोरच पाण्याचं डबकं होतं, परातीएवढं. त्या वाकून वाटीवाटीनं भरायला लागल्या. एकीची घागर निम्मी झाली की पाणी संपायचं, मग झिरपेपर्यंत सगळ्या बसून राहायच्या. तान्ही पोरं काखेत. त्यांतली एक, माझ्याबरोबर शाळेत असलेली, माझ्याकडं न बघताच म्हणाली, "तुमाला लातूरला नळ हाय, अक्का. तुमचं बरोबरबी असंल. पण आमी कवापतुर वाटी घेऊन बसावं? उठा आता."

गडीमाणसांना माझ्याकडं उत्तर होतं. तिला नव्हतं. मी उठले.

सुरुंग दुपारी उडाला. धूर निवळला आणि खरंच पाणी आलं. बाजूच्या भिंतीचे झरेही हादरले असणार, ते एकदम मोकळे झाले, गढूळ पाण्याची धार आली आणि बघता बघता गुडघाभर झालं. वर 'हर हर महादेव' सुरू झालं. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. भाऊ धावत आला, माझ्या पाया पडला, कुणीतरी माझ्या कपाळाला मळवट भरला, भस्म लावलं, गळ्यात हार घातला. आणि मी हारासकट काठावर उभी राहून पाण्याकडं बघत होते, कारण मला ठाऊक होतं काय बघायचं ते. शिळा फुटली होती तिथं पाण्यात भोवरा पडायला लागला होता. छोटा, मोरीत पाणी जाताना पडतो तेवढा. मग आवाज यायला लागला. घोटघोट पिल्यासारखा. ओरडणारे गप्प होत गेले. पाणी आलं त्याच्यापेक्षा लवकर गेलं, आणि त्याच्याबरोबर ते परातीएवढं डबकंही गेलं. तळाला एक भगदाड आणि ओला चिखल राहिला. मळवट मी तिथंच पदरानं पुसला. जोरात पुसला, कपाळ सोलून निघालं.

कुणी माझी माफी मागितली नाही. मला नकोही होती. मला पाणी हवं होतं. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, सगळ्या विहिरी भरल्या, आमची बारव पावसात भरायची आणि पाऊस थांबला की रिकामी व्हायची. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, आमच्याकडं बिनबुडाच्या घड्यात पाणी होतं. कुणी सिमेंट ओतून बघितलं. टिकलं नाही. मग गावाला टँकर लागला, तो लागला तो लागलाच.

छापखानावाला त्यानंतर पुन्हा एकदा घरी आला. केळी घेऊनच. प्रती संपल्या होत्या, आसपासच्या गावांतून मागणी होती, मठांतूनही. त्याला सगळं कळलं होतं, आणि त्याला वाईटही वाटत होतं, पण त्या वाईट वाटण्याच्या जोडीला नव्या आवृत्तीचा विचार होताच. म्हणाला, "बाई, एकच दुरुस्ती हाय. पहिल्या भागात तुमी लिहिलंय, या बारवेचं पाणी कोणत्याच दुष्काळात आटलं नाही, आणि आजही गाव तेच पितं. ते आता बदलावं लागंल."

माझ्या खऱ्या पुस्तकातलं एक एक वाक्य मी डोळ्यांनी पाहून लिहिलेलं, आणि माझ्याच खोट्या पुस्तकानं त्यातलं सगळ्यात चांगलं वाक्य खोटं करून टाकलं होतं. मी केळी उचलली आणि दारातून रस्त्यावर फेकली. त्यानंतर मी दोन्ही पुस्तकं कुणाला छापू दिली नाहीत. लोक म्हणतात बाई खडूस आहेत. आहे.

सन दोन हजारचा पाडवा आला. मी आपणहून माहेरी गेले नाही, भावजयीनं निरोप धाडला म्हणून गेले. भाऊ थकला होता, बोलणं कमी झालं होतं. दारात गुढी उभी होती, आणि हा सकाळी अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, बारवेच्या पायरीवर जाऊन बसलेला. मी जवळ गेले.

"काय करतोस रे इथं उन्हात?"

"पोथी बरोबर होती, अक्का," तो म्हणाला. "दोन हजारचा पाडवा लिहिला होता. आपणच घाई केलो."

माझ्या तोंडात शिव्याच आल्या. सगळ्या, शिलालेखातल्या शापासकट. पण तो तळातल्या त्या भगदाडाकडं असा बघत होता की त्यातली एकही मला देता आली नाही. मी त्याच्या शेजारी बसले. खाली गेल्या पावसाचा पालापाचोळा आणि चिप्सची पाकिटं. तो कान देऊन होता.

वर रस्त्यावर टँकरचा हॉर्न वाजला. दोन दिवसांनी आला होता. बायांची पळापळ, घागरींचा आवाज. भावजय हंडा घेऊन काठावर आली, आम्हा दोघांना बघून क्षणभर थांबली. इतक्या वर्षांत तिनं या प्रकरणावर माझ्याजवळ कधी शब्द काढला नव्हता.

"अक्का," ती म्हणाली, "तुमी लिवलं की गाव खरं धरतंय. मग एक डाव टँकर रोज येतो म्हणून तरी लिवा की. आन् त्याच्यात काई फोडायला लावू नका."

एवढं बोलून ती रांगेला लागायला गेली.